बुचाची काजळी

विनोद हा विनोद म्हणूनच घ्यावा, त्यातून भलते अर्थ काढू नयेत, असे कोणी बजावू लागले की मला थॉमस राइस या अमेरिकेतील गोऱ्या नटाचे स्मरण होते. 1830 च्या सुमारास त्याने जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, फाटकी वस्त्रे अंगावर चढवून आणि एका पंगू काळ्या मनुष्याच्या चालण्याबोलण्याची नक्कल करीत ‘जिम क्रो’ नावाचे सोंग रंगभूमीवर आणले. आणि ते इतके लोकप्रिय झाले की ज्यांत काळा मनुष्य आळशी, भित्रा, चोरटा आणि तरीही सदैव आनंदी असायचा, अशा खेळांची त्या देशात परंपराच पडली. या विशेषणांतील शेवटचे मला सर्वांत क्रूर वाटते. कारण जो दास्यातही सुखी दिसतो, त्याच्या मुक्तीची चिंता वाहण्याचे प्रेक्षकाला प्रयोजनच उरत नाही. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली खरी, परंतु दक्षिणेकडील राज्यांनी पुढे शाळा, आगगाडीचे डबे, पाणी पिण्याच्या जागा वर्णावरून वेगळ्या करणारे जे कायदे केले, आणि ज्या भेदाला 1896 साली तेथील सर्वोच्च न्यायालयानेही मान्यता दिली, त्या कायद्यांना लोकांच्या तोंडी नाव मिळाले ते या सोंगाचेच.

आपण मराठी माणसांनीही तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या प्राचीन वाङ्मयाच्या भाषा ‘यंडुगुंडू’ या एका टवाळीत कोंबल्या, आणि साठच्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध चळवळ झाली तेव्हा हीच टवाळी शिवी होऊन रस्त्यांवर वावरली, हे मला अतिशय लाजिरवाणे वाटते.

परंतु सर्वांत अधिक मन विषण्ण होते ते बर्ट विल्यम्सच्या आठवणीने. बहामा बेटांत जन्मलेला हा कृष्णवंशीय नट आपल्या काळातील अव्वल विनोदकारांपैकी एक होता, आणि 1910 साली न्यूयॉर्कच्या ‘झीगफेल्ड फॉलीज’ या गोऱ्या कलावंतांच्या प्रतिष्ठित खेळात त्याला प्रवेशही मिळाला. मात्र त्याचा वर्ण मुळात उजळ, प्रेक्षकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या ठसलेल्या काळ्या मनुष्याइतका काळा नव्हे, सबब रंगमंचावर जाण्यापूर्वी त्यालाही तीच जळलेल्या बुचाची काजळी आपल्या तोंडाला फासावी लागे.