बर्फावरचा वॉल्ट्झ आणि मंडईतली दंडार : स्पर्धकांनी मुळाकडे का जावे?

१/ फेब्रुवारी २०१०, व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिक. आइस डान्सच्या एका फेरीचा विषय होता लोकनृत्य. अमेरिकेची मेरिल डेव्हिस–चार्ली व्हाइट ही जोडी हिंदी चित्रपटगीतांवर भारतीय नृत्य घेऊन उतरली. रशियाची दोम्निना–शाबालिन ही जोडी ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे नृत्य म्हणून रचलेले काही घेऊन. या दोन प्रयोगांतून गोंदिया जिल्ह्यातील नृत्यस्पर्धकांनी घ्यावा असा एक धडा आहे. त्याविषयी हा धागा.

२/ डेव्हिस आणि व्हाइट यांनी तयारीच्या काळात भारतीय नृत्याच्या शिक्षिकेकडे जाऊन हातांच्या मुद्रा आणि नजरेची फेक शिकून घेतली. भारतीय प्रेक्षकांनी त्यांचे कौतुक केले. रशियन जोडीवर मात्र ऑस्ट्रेलियातील आदिवासी नेत्यांनी जाहीर आक्षेप घेतला. पदके दोघांनाही मिळाली, एकाला रौप्य, दुसऱ्याला कांस्य. परंतु ज्यांचे नृत्य होते, त्यांनी एकाला आपले म्हटले आणि दुसऱ्याला नाही.

३/ आइस डान्सचा इतिहासही हेच सांगतो. १८६०च्या दशकात जॅक्सन हेन्स हा अमेरिकन स्केटर व्हिएन्नात आला आणि संगीताच्या तालावर बर्फावर नाचू लागला. व्हिएन्ना तेव्हा वॉल्ट्झने भारलेले शहर होते. नृत्यशाळेतला वॉल्ट्झ बर्फावर उतरायला वेळ लागला नाही. १९५२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होऊ लागली, १९७६ मध्ये तो ऑलिम्पिकमध्ये आला.

४/ वॉल्ट्झ तरी कुठला? ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या खेड्यांतील लेंडलरसारख्या फेरनृत्यांशी त्याचे नाते सांगितले जाते. म्हणजे प्रवास असा : आधी गावाचे अंगण, मग शहरातील नृत्यशाळा, शेवटी परीक्षकांसमोरचा बर्फ. प्रत्येक टप्प्यावर नृत्य अधिक घोटीव झाले आणि प्रत्येक टप्प्यावर काही मागेही राहिले. म्हणूनच बर्फावर वॉल्ट्झ किंवा टँगो करणाऱ्याने तो लाकडी फरशीवर, स्पर्धेबाहेर, नाचण्याच्या आनंदासाठी नाचणारी माणसे एकदा तरी पाहावीत.

५/ आता गोंदिया. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा झाडीपट्टीचा भाग. दिवाळी सरली की येथे मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगावच्या मंडया वेगवेगळ्या दिवशी. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघरी पाहुणे. दिवसा बाजार आणि गोवारींचा नाच, रात्री दंडार किंवा नाटक.

६/ दंडार म्हणजे केवळ नाच नव्हे. त्यात गाणे आहे, संवाद आहे, सोंग आहे, प्रेक्षकाला मारलेला टोमणा आहे. स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच करीत आले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि इथल्या लोककलांकडे गांभीर्याने पाहायला शिकवले.

७/ याच जिल्ह्यातील महाविद्यालयीन संघ युवा महोत्सवात लोकनृत्य सादर करतात. राज्यपातळीवर 'इंद्रधनुष्य' असतो. मंचावर मिळतात जेमतेम आठ-दहा मिनिटे. रात्रभराची दंडार तेवढ्यात मावत नाही, काटछाट अटळ आहे. पण काय कापले हे कळायला आधी अख्खे पाहिलेले हवे. अनेकदा संघ शिकतो तो मागच्या वर्षीच्या विजेत्या संघाच्या चित्रफितीवरून. मग नकलेची नक्कल होते आणि गोंदियाचे नृत्य कुठल्याही जिल्ह्याचे वाटू लागते.

८/ यावर रास्त आक्षेप आहे. लोककला स्थिर नसते, मग 'अस्सल' कशाला शोधायचे? उत्तर असे की, मंडईत जायचे ते अस्सलपणाचा शिक्का आणायला नव्हे. दंडारीत बदल होतात ते समोर बसलेल्या गावाच्या हसण्या-रुसण्यातून. स्पर्धेतले बदल गुणपत्रिकेच्या रकान्यांतून होतात. हा फरक चित्रफितीत दिसत नाही. तो गर्दीत बसूनच कळतो.

९/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर : शहरातील मुले येतील, ठेका उचलतील आणि निघून जातील. व्हँकुव्हरचा दुसरा धडा इथेच लागू होतो. सारेच नृत्य मंचासाठी नसते. गोवारींचे ढालपूजन ही पूजा आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेला जमणारे गोंड बांधव यात्रेला येतात, कार्यक्रमाला नव्हे. तिथे कडेला उभे राहावे, विचारावे, आणि 'नको' म्हटले तर ते मानावे.

१०/ कचारगडची श्रद्धा-कथा प्रत्येक स्पर्धकाने ऐकण्यासारखी आहे. गुहेत कोंडलेल्या मुलांना बाहेर काढण्यासाठी हिरासुका पाटालीर याने वाद्य वाजवले. त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले, दगड सरकला आणि त्याच दगडाखाली वादकाचा अंत झाला. या कथेत संगीत शोभेसाठी नाही; त्याची किंमत एका जिवाने मोजली आहे. असे नृत्य-संगीत गुणांसाठी उचलताना हात थोडा जड व्हायला हवा.

११/ म्हणून सूचना साधी आहे. तालमी सुरू होण्यापूर्वी संघाने निदान एक मंडईची रात्र पूर्ण बसून काढावी. ज्यांच्याकडून शिकले त्यांचे आणि त्यांच्या गावाचे नाव निवेदनात घ्यावे. त्यांना प्रयोगाला बोलवावे, पहिल्या रांगेत बसवावे. महाविद्यालयांनी या प्रवासाचा खर्च वेशभूषेच्या खर्चाइतकाच आवश्यक मानावा.

१२/ ढाल कपाटात राहते. दंडार जिवंत राहते ती पाहायला येणाऱ्यांमुळे. आणि पाहायला येणाऱ्यांत उद्या नाचणारेच नसतील, तर लवकरच स्पर्धेत सादर करायलाही काही उरणार नाही.

तुमच्या गावची मंडई कधी असते? शेवटची दंडार कोणत्या वर्षी पाहिली? खाली लिहा. अशा नोंदींतूनच स्थानिक इतिहास उभा राहतो.