०.०१ टक्क्याची पळवाट

मॉरिशस म्हटलं की आपल्यातल्या निम्म्यांना हनिमूनचे फोटो आठवतात. मी मात्र या विकएंडला त्या देशाच्या धुराचा हिशेब मांडत बसलो. (बायको म्हणाली, "तिकिटं काढायची सोडून?" असो.) निमित्त कॅन्टीनमधलं एक वाक्य. वातावरण-बदलाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, "अरे, ही बेटं जगाच्या ०.०१ टक्का कार्बन सोडतात. त्यांनी कमी केला काय, नाही केला काय!" पाठोपाठ चहाच्या घोटाबरोबर, "आणि आपल्या नाशिकनं तरी काय फरक पडतो?"

या दोन वाक्यांचं सख्खं नातं आहे, आणि माझं भांडण त्या नात्याशी आहे.

आधी आकार बघा. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. नाशिक महानगरपालिकेची २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे ज्याला आपण 'चिमुकला देश' म्हणतो तो आपल्या एका शहरापेक्षा लहान आहे. आणि तिथे रत्नागिरी-साताऱ्याकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांची मराठी घरं आजही आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. तेव्हा हे प्रकरण अगदीच परकं नाही.

आता त्यांची 'क्षमता' बघू. २०१५ मध्ये मॉरिशसनं जगाला सांगितलं की २०३० पर्यंत आम्ही उत्सर्जन ३० टक्के कमी करू. छान. पण कशाच्या ३० टक्के? 'बिझनेस अ‍ॅज युज्वल' म्हणजे काहीच केलं नाही तर २०३० मध्ये जे ७० लाख टन होईल, त्याच्या. करा वजाबाकी : ४९ लाख टन. आणि तेव्हाचं प्रत्यक्ष उत्सर्जन? ५० लाख टनांच्या आसपासच! आपल्या धंद्यात हे रोज चालतं. पाच महिन्यांच्या कामाला सात महिन्यांचं एस्टिमेट द्यायचं, पाच महिन्यांत संपवायचं आणि क्लायंटला सांगायचं, बघा, ३० टक्के वेळ वाचवला. २०२१ मध्ये ३० चं ४० टक्के केलं आणि खर्च सांगितला साडेसहा अब्ज डॉलर, त्यातला जवळपास दोन तृतीयांश पैसा बाहेरून आला तर. हे मागणं मला चूक वाटत नाही. ज्यांनी गेली दीडशे वर्षं कोळसा जाळला त्यांनी द्यावा की. पण मग त्याला 'क्षमता' का म्हणायचं? ती अट आहे.

खरी गंमत चिपाडात आहे. मॉरिशसच्या साखर कारखान्यानं जादा वीज ग्रिडला द्यायला सुरुवात केली ती १९५७ मध्ये. नंतर तिथल्या वीजघरांनी एकाच बॉयलरमध्ये दोन्ही जाळायची सोय केली. गळीत हंगामात उसाचं चिपाड (आपण बगॅस म्हणतो तेच) आणि हंगाम संपला की बाहेरून आणलेला कोळसा. दिंडोरीच्या कादवाकडे ज्यांचा ऊस जातो त्यांना हे लगेच कळेल. पण युरोपानं २००६ ते २००९ मध्ये साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी कापला, आणि उसाचं गणित बिघडलं. एकोणिसाव्या शतकात दोनशेच्या वर असलेले कारखाने आज तीनवर आले आहेत. ऊस गेला त्या जमिनीवर कुठे रान माजलं, कुठे परदेशी पाहुण्यांसाठी व्हिला उभे राहिले. ऊस कमी, चिपाड कमी, आणि बॉयलर तर उपाशी ठेवता येत नाही. मग कोळसा. इकडे छपरांवर सोलर वाढतंय, तिकडे चिपाड घटतंय, त्यामुळे विजेतला अपारंपरिक वाटा दहा वर्षांपूर्वी विसाच्या आसपास होता आणि अजून तिथेच घुटमळतोय. २०२१ चं आश्वासन होतं २०३० पर्यंत ६० टक्के, आणि कोळसा बंद!

म्हणजे या बेटाची क्षमता मोजायची तर पॅनेलच्या आधी उसाचा भाव मोजावा लागतो. युरोपात बसून भाव पाडणाऱ्यांच्या खात्यात तो कोळसा लिहिला जात नाही, हे सोयीचंच.

विमानांचंही तेच. वर्षाला तेरा-चौदा लाख पर्यटक, म्हणजे लोकसंख्येपेक्षा जास्त, आणि येणार बहुतेक सगळे उडत. आंतरराष्ट्रीय विमानांचा धूर कुठल्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत. मॉरिशसच्या नाही, आपल्याही नाही. तुमचा हनिमून हिशेबाच्या बाहेर आहे, निवांत जा.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. बेटाला शेजाऱ्याची वायर नाही. रात्री सूर्य गेला की इतर राज्यांतून वीज ओढता येत नाही. जे काय आहे ते त्या साधारण ५०० मेगावॉटच्या कमाल मागणीत भागवायचं. असं असूनही पोर्ट लुईहून त्यांची मेट्रो २०२० मध्ये धावू लागली आणि २०२२ मध्ये क्युअरपीपला पोचली. बांधली कुणी? आपल्या एल अँड टीनं. नाशिकच्या मेट्रो निओची घोषणा २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये झाली होती, २,०९२ कोटींची. टाळ्या आपणही वाजवल्या होत्या. द्वारका सर्कलला उभं राहून तिची वाट बघा.

आणि आता ते दुसरं वाक्य, "नाशिकनं काय फरक पडतो?" एकलहऱ्याला २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, एकूण ६३०. म्हणजे अख्ख्या मॉरिशसच्या कमाल मागणीपेक्षा जास्त, आपल्या नाशिकरोडच्या पलीकडे. ते निम्म्या क्षमतेनं चाललं तरी वर्षाला पावणेतीनशे कोटी युनिट होतात. कोळशाच्या युनिटमागे ढोबळ एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा : साडेसत्तावीस लाख टन. एका देशाच्या एकूण हिशेबाच्या निम्म्याच्या आसपास, एका आवारात. ती वीज फक्त नाशिक वापरत नाही, कबूल. पण ०.०१ टक्क्याची गंमत हीच आहे. जगाचे पुरेसे बारीक तुकडे केले की प्रत्येक तुकडा निर्दोष ठरतो. एकलहरं निर्दोष, मग चंद्रपूर निर्दोष, मग सगळेच.

हे संच १९८० च्या आसपासचे आहेत, थकलेत. त्यांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा कोळशाचा संच यावा ही मागणी नाशिकमध्ये वर्षानुवर्षं होते आहे. त्यातला रोजगाराचा मुद्दा खरा आहे, त्याची टर उडवणाऱ्यांतला मी नाही. एकलहरे कॉलनीतल्या घरांची चूल त्यावर आहे. पण त्या मागणीत आजवर मी मेगावॉट ऐकले, कोटी ऐकले, नोकऱ्या ऐकल्या. टन किती, हे विचारताना अजून कुणालाच ऐकलेलं नाही.