वहिनींचा प्रश्न आणि पाटाहून बारीक लॅपटॉप

साप्ताहिक सदर : तीन पिन

"भावजी, ह्याच्यावर गेमच खेळायचे ना? मग बारीक कशाला हवा?"

शेजारच्या वहिनींनी हा प्रश्न विचारला आणि मला चटकन उत्तर देता आलं नाही. त्यांचा थोरला पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकतो. मे महिन्याच्या सुट्टीला येताना त्याने पावणेदोन लाखांचा गेमिंग लॅपटॉप आणला. मी असल्या विषयांवर लिहितो हे ठाऊक असल्याने, "काका, आठ दिवस वापरून बघा," म्हणून माझ्या हवाली केला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातले सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

जाडी अठरा मिलिमीटर. जेवायच्या पाटाची फळी याहून जाड असते. पडदा ओएलईडी, त्यावरचा काळा रंग अमावास्येच्या रात्री मांडवीच्या जेटीवरून दिसणाऱ्या समुद्राइतका काळा. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, कळफलक बोटांना सुख देणारा. घरातल्या आंब्याच्या काट्यावर ठेवला तर वजन भरलं 1 किलो 650 ग्रॅम. मग चार्जर ठेवला. तो एकटाच 700 ग्रॅम, म्हणजे तीन चांगल्या हापूसच्या भाराचा. ही वीट जाहिरातीतल्या फोटोत कधी दिसत नाही.

आता वहिनींचा प्रश्न. गेम सुरू असताना ग्राफिक्स चिप आणि प्रोसेसर मिळून दीडशे-एकशे साठ वॅट वीज खातात आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पूर्वी आपल्या घरांत पिवळे बल्ब असत. त्यांतला एक शंभराचा आणि एक साठाचा पेटवून पाटाच्या जाडीच्या डब्यात कोंडा, म्हणजे या यंत्राच्या पोटात काय चाललंय ते कळेल. तांब्याच्या नळ्या ती उष्णता कडेला नेतात, तिथे बारीक पत्र्यांची जाळी असते आणि दोन चिमुकले पंखे तिच्यातून हवा फुंकतात. डबा जाड असता तर पंखे मोठे बसले असते आणि सावकाश फिरले असते. बारीक डब्यात ते जीव तोडून फिरतात. पहिल्या रात्री गेम लावला तेव्हा पत्र्यावर पाऊस आला असं वाटून मी खरोखर खिडकीशी गेलो.

हे साधलं कसं, त्याची गोष्ट 2017 सालची. तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात एनव्हिडियाने 'मॅक्स-क्यू' ही कल्पना मांडली. शब्द अग्निबाणाच्या शास्त्रातला. बाण वर चढताना ज्या क्षणी हवेचा दाब त्याच्यावर सर्वांत जास्त असतो, तो क्षण म्हणजे मॅक्स-क्यू. त्याच वेळी असूसने 'झेफायरस' आणला: जीटीएक्स 1080 सारखी त्या काळातली दांडगी चिप आणि जाडी अठरा मिलिमीटरच्या आत. झाकण उघडलं की तळाचा पत्रा किंचित फाकायचा आणि हवेला वाट मिळायची. पण खरी युक्ती चिपला कमी वीज देण्यात होती. शेवटचा थोडासा वेग मिळवायला चिप भरमसाट वीज पिते. ऐंशीने चाललेली गाडी शंभरावर नेली की डिझेलचा काटा कसा उतरतो, ते मुंबई-गोवा महामार्गावर (जिथे शंभराने नेता येते तेवढ्या तुकड्यावर) आपण पाहतोच. तो शेवटचा वेग सोडून द्यायचा आणि उष्णता वाचवायची.

युक्ती शहाणपणाची, पण तिच्यातूनच एक घोळ जन्मला. चिपचं नाव एक आणि ताकद निराळी. लॅपटॉपमधली आरटीएक्स 4060 ही 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कुठेही बसवलेली असू शकते, बाहेरचं स्टिकर तेच. आरटीएक्स 4090 चं तर विचारूच नका: डेस्कटॉपची 450 वॅटची, लॅपटॉपची जास्तीत जास्त दीडशेच्या आसपास, आणि आतली चिपसुद्धा वेगळी, धाकटी. म्हणून दुकानात पहिला प्रश्न "ग्राफिक्स किती वॅटचं?" हा विचारावा. मी एकदा विचारला, तर "चार्जर मोठा आहे साहेब, काळजी नको," असं उत्तर मिळालं.

आता आपल्या गावाचं पाहू. रत्नागिरीत घामाने जीव नकोसा होतो, म्हणून लॅपटॉपही इथे जास्त तापत असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून आपण शिजतो. यंत्राला घाम येत नाही, त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. मे महिन्यातल्या आपल्या तेहतीस अंशांत त्याचे पंखे नागपूरच्या पंचेचाळिसापेक्षा पुष्कळ सुखी असतात.

आपल्याकडचा वैरी निराळा. जुलैत स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, म्हणून आया-आज्या त्यात तांदळाचे चार दाणे टाकून ठेवतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे बहुतेक वेळ आकडा त्याच्या वरच असतो. भाट्ये, मांडवी, मिरकरवाडा, कुठल्याही किनाऱ्यालगत राहणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये पंखे रोज हीच खारी हवा ओढतात. मीठ धुळीबरोबर जाळीत आणि बोर्डावर बसतं, पावसात ओलं होतं, सांध्यांना हिरवट बुरा चढतो. एसीच्या खोलीतला गार लॅपटॉप पडवीत आणला की धातूवर दव धरतं, ते वेगळंच.

जाड लॅपटॉपलाही हे चुकत नाही. पण तो उघडता येतो, ब्रशने झाडता येतो, रॅम गेली तर बदलता येते. बारीक यंत्रांत जागा वाचवायला रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ती बिघडली की बोर्ड बदला. माझ्या स्वतःच्या आधीच्या एका बारीक लॅपटॉपला हा योग आला होता. आंबा घाट उतरून-चढून कोल्हापूरच्या तीन फेऱ्या झाल्या आणि शेवटी सांगितलेला खर्च ऐकून मी तो पेपरवेट म्हणून ठेवला. पेपरवेट म्हणून उत्तम आहे, बारीक असल्यामुळे टेबलावर जागा खात नाही.

जांभ्याच्या जुन्या घरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर मनगट टेकलं आणि मुंग्या आल्या तर दोष लॅपटॉपला देऊ नका. चार्जरची तिसरी पिन आधी नीट लागलीय का पाहा, मग अर्थिंग. कातळात खणलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो. त्यात बादलीभर पाणी ओता. मी ओतलं, मुंग्या गेल्या.

लाइट गेल्यावर काय? आठ दिवसांत चार वेळा गेली, म्हणजे परीक्षा रीतसर झाली. बॅटरी 90 वॅट-अवरची. विमानात 100 च्या वर सहसा नेऊ देत नाहीत, म्हणून सगळ्यांची धाव तेवढ्यातच. एकशे साठ वॅटने खेळलात तर हिशेबाने अर्ध्या-पाऊण तासात ती संपेल, म्हणून यंत्र आपणहून वेग उतरवतं आणि गेम रखडतो. पण गेम बंद करून मी हा लेख लिहायला बसलो, तेव्हा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बॅटरी पुरली. पंखे गप्प. लाइट गेलेल्या घरात तो पडदा, तो कळफलक आणि ती शांतता अनुभवताना, यंत्र परत करायचं आहे हे मला आठवलं आणि वाईट वाटलं.

तेव्हा वहिनींना माझं उत्तर असं: बारीकपणाचे पैसे खेळण्याचे नाहीत, उचलण्याचे आहेत. तितक्याच ताकदीचा जाड लॅपटॉप चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त पडतो. थोरला रोज तो पाठीवर घेऊन वर्गात जातो, बसमध्ये मांडीवर काम करतो, रात्री खोलीत खेळतो. त्याचे पैसे वसूल. धाकट्याला मात्र हा मुळीच घेऊ नये. तो एकाच टेबलाशी बसून व्हॅलोरंट खेळतो, जो याच्या निम्म्या ताकदीवरही सुरेख चालतो. त्याला डेस्कटॉप घ्या, दिवाळीच्या साफसफाईत त्याचंही झाकण काढून झाडता येईल. धाकटा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

थोरल्याला एक सल्ला दिला होता, की कॉलेजात नेताना वीट खोलीवर ठेव, टाइप-सीचा शंभर वॅटचा छोटा चार्जर अभ्यासाला पुरतो. वहिनी तेव्हा दारातच उभ्या होत्या. तो रात्रीच्या एसटीने पुण्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"काका, आईने बॅगेतून मोठा चार्जर काढून ठेवलाय. त्या जागेत तीन हापूस आहेत. छोट्यावर गेम चालतोय, पण रडत रडत."

"आणि आंबे?"

"ते रूममेटने खाल्ले. म्हणतो, पंख्यांचा आवाज कमी झालाय, आईला थँक्यू सांग."

— पिनकर