उगवत्याला नमस्कार

(द्वितीय वर्ष, कला)

‘पूल’ म्हटले की माझ्या आईच्या डोळ्यांपुढे ओढ्यावरचा पूल उभा राहतो. दर पावसाळ्यात दोन-चार दिवस पाण्याखाली जाणारा. त्यामुळे संध्याकाळी पाच ते रात्री दहा मी ‘पुलावर’ कामाला असतो, हे ऐकून पहिल्या वर्षी ती चांगलीच घाबरली होती. तिला समजावून सांगितले, की हा पूल म्हणजे हिरव्या कापडाचे टेबल, सहा खिसे, रंगीत चेंडू आणि हातात एक लांब काठी. ऐकून तिची भीती गेली, पण काळजी वाढली. ‘म्हणजे जुगाराचाच अड्डा की रे!’ ती म्हणाली. तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, हे आधीच कबूल केलेले बरे.

तेथे मी मार्कर आहे. मार्कर म्हणजे चेंडू त्रिकोणात लावून देणारा, गुण मांडणारा, तासाचा हिशेब वहीत लिहिणारा आणि शेवटी हरलेल्याकडून टेबलाचे पैसे मागणारा माणूस. (टेबलाचे पैसे हरणाऱ्याने द्यायचे हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे.) माझी फी आणि खोलीचे भाडे त्यातून भागते. सकाळच्या पहिल्या तासाला माझे डोळे का मिटतात, याचे उत्तर गुरुजनांना येथे आयतेच मिळेल. त्यांनी रागावू नये.

माझा विषय मात्र ते पार्लर नव्हे. एखादी मोठी स्पर्धा संपत येते, आठच, मग चारच खेळाडू उरतात, तेव्हा रसिकांत एक विशिष्ट प्रकारची चर्चा सुरू होते. ‘हा पोरगा बघा, हा वर येणार!’ ‘हाच उद्याचा राजा!’ उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची आपली सवय जुनीच आहे. माझी तक्रार एवढीच, की हा नमस्कार आपण फार घाईने करतो आणि त्याहून घाईने परत घेतो.

जुलै २०२५ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे नऊ चेंडूंच्या पूलची जागतिक स्पर्धा झाली. १२८ खेळाडू, पहिले बक्षीस अडीच लाख डॉलर. आमच्याकडे एका मोबाइलला खडूच्या डब्याचा टेकू देऊन दहा-बाराजण त्याभोवती जमले होते. अंतिम सामना होता आदल्या वर्षीचा विजेता फेदोर गोर्स्ट आणि फिलिपाइन्सचा कार्लो बियाडो यांचा. गोर्स्ट पंचवीस वर्षांचा, बियाडो एकेचाळीस. साहजिकच सभेचा कौल एकतर्फी होता. ‘आता पोरांचा जमाना. चाळिशीतल्या माणसाची नजर किती टिकणार?’ ‘म्हाताऱ्यानं इथवर आला हेच पुष्कळ मानावं.’ एका कोपऱ्यात चेंडू पुसत उभा असलेला मीही म्हणालो, ‘गेला म्हातारा!’ चहाच्या पैजा लागल्या. म्हातारा १५-१३ असा जिंकला. आणि चहा येण्यापूर्वीच, जे ‘नजर, नजर’ म्हणत होते तेच ‘अनुभव, अनुभव’ म्हणू लागले.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलावर एक ते नऊ आकड्यांचे चेंडू असतात. पांढऱ्या चेंडूने दर वेळी उरलेल्यांतल्या सर्वांत लहान आकड्याला आधी टिपायचे. असे नियमाने खेळत असता नऊ आकड्याचा चेंडू खिशात गेला, की तो डाव, म्हणजे ‘रॅक’, जिंकला. ठरलेले रॅक जो आधी जिंकेल त्याचा सामना. यातली खरी गोम पुढेच आहे. तुमचा चेंडू खिशात जातो आहे तोवर पाळी तुमचीच. मग प्रतिस्पर्ध्याने काय करायचे? खुर्चीत बसायचे. कबड्डीत चढाईला आलेल्याचा पाय धरता येतो. क्रिकेटमध्ये फलंदाज कितीही झोडत असला तरी निदान चेंडू तुमच्याच हातून सुटतो. येथे तसे काही नाही. समोरचा माणूस तुमचे सर्वस्व लुटून नेतो आहे आणि तुम्ही मांडीवर काठी घेऊन ते पाहायचे. मार्कर असल्यामुळे मला टेबलाइतकीच ही खुर्ची दिसते. रसिकांना ती दिसत नाही, कारण चित्रीकरणातही ती क्वचितच दाखवतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत ॲटलांटिक सिटी येथे यू. एस. ओपनचा अंतिम सामना झाला. सिंगापूरचा अलॉयसियस यॅप, वय पंचवीस, विरुद्ध हाच कार्लो बियाडो. तेरा रॅक जिंकायचे होते. यॅप ८-३ ने पुढे होता. या सामन्याची चित्रफीत मी गिऱ्हाइकांना पुष्कळदा दाखवली आहे, आणि दर वेळी एक लबाडी केली आहे: ८-३ वर ती थांबवून मी विचारतो, ‘बोला, कोण?’ ज्यांना निकाल माहीत नसतो ते सगळे यॅपचे नाव घेतात. नुसते नाव घेत नाहीत, कारणेही देतात. त्याचा हात मोकळा आहे, चेहऱ्यावर भीती नाही, तरुण रक्त आहे. मग मी पुढचा भाग लावतो. बियाडो ओळीने दहा रॅक जिंकतो; ८-३ चे ८-१३ होतात. १९९४ मध्ये एफ्रेन रेयेसने ही स्पर्धा जिंकली होती, त्यानंतर सत्तावीस वर्षांनी ती फिलिपाइन्सकडे जाते. आणि आमची गिऱ्हाइके? तीच माणसे, त्याच बाकावर बसून सांगू लागतात, की पोरगा कच्चा होता, दडपण सोसले नाही, चेहऱ्यावरूनच कळत होते! चेहरा तोच, पाहणारे तेच. मध्ये अर्धा-पाऊण तास गेलेला.

याच यॅपने ऑगस्ट २०२५ मध्ये यू. एस. ओपन जिंकली. मधली चार वर्षे तो उगवता होता की मावळता, हे मला आमच्या बाकावरच्या पंडितांनी सांगावे.

दुसरे उदाहरण थोडे जुने आहे, पण मला ते सोडवत नाही. २००५, तैवानमधील काओशुंग, जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना. दोघेही तैवानचेच. वू चिया-चिंग अवघा सोळा वर्षांचा; समोर कुओ पो-चेंग. सतरा रॅकचा सामना, आणि कुओ १६-१२ ने पुढे. एक रॅक हवा होता, एक! सोळा वर्षांच्या पोराने ओळीने पाच घेतले. १७-१६. या स्पर्धेचा तो सर्वांत लहान विजेता. पूलची थोडीफार माहिती असणारा कोणीही तुम्हाला वूची गोष्ट सांगेल. पण नऊ चेंडूंचे जगज्जेतेपद वूला त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही, हे सांगणारा विरळा. आणि कुओचे पुढे काय झाले, हे विचारणारा तर मला अजून भेटायचा आहे.

कुओ पाच वर्षांनी पुन्हा अंतिम सामन्यात आला. २०१०, कतारमधले दोहा. समोर होता फिलिपाइन्सचा फ्रान्सिस्को बुस्तामांते, वय शेहेचाळीस. हा बुस्तामांते २००२ मध्ये कार्डिफला अंतिम सामना अर्ल स्ट्रिकलंडकडून १५-१७ असा हरला होता. ती स्पर्धा चालू असतानाच त्याची तान्ही मुलगी गेल्याची बातमी त्याला आली होती. म्हणजे दोहाच्या त्या टेबलापाशी हातातोंडाशी आलेला घास गमावलेली दोन माणसे समोरासमोर उभी होती. या दोघांत उगवता कोण? बुस्तामांते १३-७ ने जिंकला. मी तेव्हा पार्लरमध्ये असतो तर कोणासाठी ओरडलो असतो, हे अजूनही मला ठरवता आलेले नाही.

फिलिपाइन्सच्या खेळाडूंविषयी माझ्या मनात पक्षपात आहे, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच. त्याचे कारण खेळाइतकेच खेळाबाहेरचे आहे. बियाडो आधी गोल्फच्या मैदानावर कॅडी होता, म्हणजे दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारा. एफ्रेन रेयेस लहानपणी मनिलात चुलत्याच्या पूलच्या अड्ड्यावर कामाला असे आणि रात्री टेबलावरच झोपे. त्याला ‘बाता’ म्हणतात. बाता म्हणजे पोर. त्याच्याहून मोठा दुसरा एक एफ्रेन तेथे खेळत असे, म्हणून हे नाव पडले. हे ‘पोर’ १९९९ मध्ये कार्डिफला जगज्जेते झाले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते! आपल्याकडेही पाहा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. कोणत्याही खेळातले भारताचे ते पहिले वैयक्तिक जगज्जेतेपद. तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. या वयात आमच्या बाकावर त्यांना ‘काका, बाजूला व्हा’ असे ऐकावे लागले असते.

कोणी म्हणेल, मग रसिकांनी काय तोंडाला कुलूप लावून बसावे? तसे मी म्हणत नाही. चर्चेशिवाय खेळाला चव नाही, आणि पंधरा-तेराचा सामना मुकाट्याने पाहणारा माणूस मला तरी रसिक वाटणार नाही. लहान वयाचे कौतुक होऊ नये असेही नाही. हाच गोर्स्ट डिसेंबर २०१९ मध्ये दोहाला पहिल्यांदा जगज्जेता झाला तेव्हा माझ्याच वयाचा, एकोणीस वर्षांचा होता. अंतिम सामन्यात त्याने चांग जुंग-लिनला १३-११ ने हरवले. ते वाचून माझ्याही अंगावर मूठभर मांस चढले होते. पण त्याला दुसरे जगज्जेतेपद मिळायला २०२४ उजाडले, आणि तेही १५-१४ असे, एका रॅकच्या फरकाने. तो एक रॅक एक्लेंट काचीकडे गेला असता, तर गोर्स्टविषयी आपण काय बोललो असतो? ‘एकदा चमकला आणि विझला’, असेच ना? मग आपले मत त्या माणसाविषयी होते, की त्या एका रॅकविषयी?

हे सारे मी जेद्दा आणि दोहाच्या नावाने लिहितो आहे खरा, पण मला ते सुचले आमच्याच कोपऱ्यातल्या टेबलापाशी. गेल्या दिवाळीत आमच्याकडे गावपातळीवरची स्पर्धा झाली. बत्तीस खेळाडू. आमच्या वस्तीतला एक मुलगा त्यात उतरला होता. वडील हातगाडीवर केळी विकतात. तासाला पैसे मोजून खेळणे त्याला परवडत नसे. सकाळी पार्लर झाडून द्यायचे आणि त्या बदल्यात गिऱ्हाईक येईपर्यंत खेळायचे, असा त्याचा मालकाशी करार होता. तो शेवटच्या चौघांत आला, तेव्हा बाकावरची चर्चा काय वर्णावी! याला पुण्याला पाठवायला हवे, मुंबईला पाठवायला हवे. एका बड्या गिऱ्हाइकाने नवी काठी घेऊन देण्याचे सर्वांसमोर कबूल केले. सामन्यापूर्वी पाणी द्यायला गेलो तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, ‘आज तू हरूच शकत नाहीस.’

तो हरला. ६-२ ने पुढे असताना नऊ आकड्याचा अगदी सोपा चेंडू खिशाच्या ओठावर राहिला. समोरच्याने तो घातला आणि पुढे थांबलाच नाही. मी गुण मांडत होतो. मुलगा खुर्चीत बसला होता आणि मधूनमधून टेबलाकडे न पाहता माझ्याकडे पाहत होता. सामना संपला तेव्हा बाकावर कोणी नव्हते; सगळे दुसऱ्या टेबलाजवळ गेले होते, जिथे आणखी एक पोरगा ‘वर येत’ होता. काठीचा विषय पुन्हा निघाला नाही. मुलगा दुसऱ्या दिवसापासून झाडायलाही आला नाही. त्याचे घर माझ्या खोलीपासून चार गल्ल्यांवर आहे. मी तीन आठवडे गेलो नाही. ‘हरूच शकत नाहीस’ म्हणणाऱ्याने हरलेल्याकडे कोणत्या तोंडाने जायचे?

त्या पाठीवरच्या थापेचे वजन मला ठाऊक असायला हवे होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. बारावीच्या निकालानंतर वस्तीत पेढे वाटले गेले आणि मी कलेक्टर होणार हे मला सोडून सर्वांनी ठरवून टाकले. पहिल्या वर्षी इंग्रजीचा पेपर राहिला. तेव्हापासून काही माणसे मला पाहिले की वडिलांना विचारतात, ‘मग आता त्याला कुठं चिकटवताय?’ वडील मार्केट यार्डात हमाली करतात. ते काही उत्तर देत नाहीत. पोते पाठीवर घेतात आणि चालू लागतात. तो पेपर या वर्षी सुटला. ते विचारायला मात्र कोणी आले नाही, आणि पेढ्यांचे दिवसही गेले होते.

तो मुलगा फेब्रुवारीत एका सकाळी आला. त्या दिवशी मालक गावाला गेले होते, म्हणून मीच पार्लर उघडले होते. त्याने झाडू घेतला नाही. खिशातून अर्ध्या तासाचे पैसे काढून माझ्यापुढे ठेवले आणि कोपऱ्यातले टेबल मागितले. मी चेंडू लावून दिले. पुन्हा खेळणार का, पुढची स्पर्धा केव्हा, यांपैकी काही विचारावे असे ओठांवर आले होते. विचारले नाही. वहीत वेळ लिहिली, सात वाजून दहा मिनिटे, आणि बाकावर बसलो. पहिल्याच फटक्यात पांढरा चेंडू खिशात गेला. त्याने तो काढला, पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला.