लिनक्स फुकट आहे, पण अंगठ्याचं यंत्र चालणार का?

भिंगार : मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. घरच्या वापराच्या संगणकाला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून मिळते, पण पुढचा प्रश्न तसाच राहतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक बाद. मशीन धडधाकट चालू आहे, तरी बाद.

याची झळ खेड्यापाड्यात जास्त बसणार आहे. आपल्याकडची सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, शाळेतले संगणक आणि पोरांना घेतलेले सेकंडहँड लॅपटॉप बहुतेक जुनेच आहेत. मग कोणीतरी सांगतं, "लिनक्स टाका, फुकट आहे." सल्ला चुकीचा नाही. लिनक्स मिंट, उबुंटू यांना लायसन्सचे पैसे लागत नाहीत. मिंट तर चार जीबी रॅमवरही बरं चालतं. मराठी युनिकोड टायपिंगही त्यात आहे.

अडचण संगणकाला जोडलेल्या वस्तूंची आहे.

ट्रॅक्टर बदलला आणि जुना रोटाव्हेटर त्याला जुळला नाही, तर नवा ट्रॅक्टर शेतात काय कामाचा? इथेही तसंच आहे. प्रिंटर असो, स्कॅनर असो की अंगठ्याचं यंत्र, संगणकाशी बोलायला प्रत्येकाला ड्रायव्हर नावाचं छोटं सॉफ्टवेअर लागतं. तो ड्रायव्हर कंपनीने फक्त विंडोजसाठी लिहिला, तर लिनक्सवर ते यंत्र मुकं राहतं.

कुठे अडतं?

प्रिंटरपासून सुरुवात करू. कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर आपल्याकडे दुकानोदुकानी दिसतो. त्याची भाषा कंपनीची स्वतःची आहे. लिनक्ससाठी कंपनीचा ड्रायव्हर आहे, पण तो जुना. नव्या लिनक्सवर बसवताना जाणकार माणूसही घामाघूम होतो. एचपीच्या लेझरजेट १०२० ला वेगळा प्लगइन टाकावा लागतो. तो टाकल्यावर मात्र तो चालतो.

वायफायचंही तसंच. ब्रॉडकॉमच्या आणि काही रिअलटेकच्या कार्डांना ड्रायव्हर बाहेरून घ्यावा लागतो. ड्रायव्हर घ्यायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला ड्रायव्हर पाहिजे. यावर साधा उपाय आहे. मोबाईल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा लिनक्स ते लगेच ओळखतं.

खरी गाठ अंगठ्याच्या यंत्राशी पडते. आधार पडताळणीसाठी नुसतं यंत्र पुरत नाही, त्याची आरडी सर्व्हिस संगणकात चालू असावी लागते. कंपन्या ती मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी देतात. डिजिटल सहीच्या टोकनचंही असंच. काही टोकनना लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो, पण पोर्टलने मागितलेलं सहीचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि एक दिवस केंद्राचं मशीन अडलं, की फार्मर आयडी किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रोज बुडवून आलेला माणूस हात हलवत परत जातो.

हे जमणार नाही असं आहे का?

तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाईल घ्या. त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. त्याच मोबाईलला ओटीजी केबलने अंगठ्याचं यंत्र जोडलं की चालतं, कारण कंपनीने अँड्रॉइडसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. गिऱ्हाईक तिथे होतं म्हणून लिहिलं. संगणकावरच्या लिनक्ससाठी कोणी आग्रहच धरला नाही.

आग्रह धरायचा कोणी? सरकारने. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं, असं धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये काढलं. सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली त्याच्याही आधी तयार केली. केरळच्या सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात. तिथल्या कैट या सरकारी संस्थेने शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवली. एकाने घरी लिनक्स टाकलं तर कंपनी विचारत नाही, राज्यभरच्या शाळांनी टाकलं तर तिला विचार करावा लागतो.

आपल्याकडे धोरण कागदावर राहतं, कारण यंत्र कोणतं चालेल हे सरकार ठरवतं, पण ते लिनक्सवर चाललंच पाहिजे ही अट घालत नाही. आधारसाठी मान्यता देताना आणि शाळा-ग्रामपंचायतींची खरेदी करताना ही एक ओळ टेंडरमध्ये आली, तर हजारो जुने संगणक भंगारात जायचे वाचतील. केंद्रचालकाने स्वतःच्या खिशातून नवा संगणक घ्यायचा आणि त्याचा बोजा शेवटी दाखल्याला आलेल्या माणसावर पडायचा, हेही टळेल.

तोपर्यंत काय करायचं?

पोरांचा अभ्यास, व्हिडिओ, टायपिंग, बँकेची वेबसाईट एवढंच काम असेल, तर लिनक्स खुशाल टाका. पण आधी पेनड्राईव्हवरून चालवून बघा. त्याला लाईव्ह मोड म्हणतात, त्यात हार्डडिस्कला हात लागत नाही. तिथे वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर एकेक करून तपासा. सगळं चाललं तरच इन्स्टॉल करा. इन्स्टॉल करण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा, कारण "डिस्क पुसा" हा पर्याय निवडला की काहीच उरत नाही.

सेवा केंद्रवाल्यांनी मात्र घाई करू नये. अंगठा आणि डिजिटल सहीसाठी अपडेट मिळणारं एक विंडोज मशीन ठेवावं आणि बाकीची जुनी मशीन टायपिंग, फॉर्म भरणं यासाठी लिनक्सवर न्यावीत. नवा प्रिंटर किंवा अंगठ्याचं यंत्र घेताना दुकानदाराला आधी विचारा, "लिनक्सवर चालतं का?" आज तो डोकं खाजवेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, की तोच कंपनीला विचारेल.