लपवायचं काय, सांगायचं काय?

मैत्रिणींनो, वणी असो, पुसद असो की घाटंजी, पार्सल घेऊन येणारा दादा आता आपल्या गल्लीला नवा राहिलेला नाही. साडी, कुकरची शिट्टी, मुलांचे बूट, सगळं मोबाइलवरून येतं. काही जण याला नुसती हौस म्हणतात. मला तसं वाटत नाही. छोट्या गावात दुकानदार ओळखीचा, त्याच्या शेजारी बसलेला नात्यातला. आतले कपडे किंवा सॅनिटरी पॅड मागताना बाईचा आवाज आपोआप खाली जातो. तीच वस्तू स्वतः निवडून, बंद खोक्यात घरी आली की तिला थोडी मोकळीक मिळते. ही मोकळीक मोलाची आहे, म्हणून ती सांभाळायलाही हवी.

पण आपलं होतं उलटंच. जे लपवायचं ते आपण सहज सांगून टाकतो आणि जे सांगायचं ते लपवून ठेवतो.

खोक्याचंच बघा. त्यावरच्या चिठ्ठीवर आपलं नाव, पत्ता आणि बरेचदा मोबाइल नंबरही असतो. सामान काढलं की खोकं तसंच घंटागाडीत जातं. दुकानात बिल करताना ‘ताई, नंबर सांगा’ म्हटलं की रांगेतल्या दहा जणांसमोर आपण दहा आकडे म्हणून दाखवतो. खरं तर बिलासाठी ग्राहकाकडे मोबाइल नंबराचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. तेव्हा ‘नंबर देणार नाही, बिल द्या’ असं म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

‘माझ्या नंबराचं कोण काय करणार?’ असं वाटतं ना? २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती चोरीला जाऊन विक्रीला निघाल्याचं उघड झालं. २०२१ मध्ये डॉमिनोजच्या पिझ्झाच्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींचा तपशील बाहेर आला. पैसे गेले नाहीत, पण नाव, नंबर, पत्ता गेला. अशी माहिती हाती असली की भामटा आपल्याला नावाने हाक मारतो. ‘ताई, तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता बरोबर आहे ना? फक्त ५ रुपये भरा, लिंक पाठवतो.’ नाव बरोबर, पत्ता बरोबर. मग माणूसही खरा वाटतो. इथेच गफलत होते.

दुसऱ्याच्या हाती किल्ली गेली की काय होतं, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीचं प्रकरण २०२५ च्या डिसेंबरात गाजलं. दीड हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आणि संगणकावर अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून जास्त जन्मांची नोंद! ग्रामपंचायतीच्या लॉगिनचा गैरवापर झाल्याचा गुन्हा दाखल झाला. ग्रामपंचायतीचं लॉगिन, तसाच आपला ओटीपी आणि यूपीआयचा पिन. घराची किल्ली कुणी फोनवर मागितली म्हणून आपण देतो का?

दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ‘परतावा देतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणारा पैसे द्यायला नाही, घ्यायला बसलेला असतो. आणि तक्रारीचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनीही आपले नंबर पेरलेले असतात. ज्या अ‍ॅपवरून वस्तू घेतली, त्याच अ‍ॅपमध्ये तक्रार करा.

आता जे सांगायचं, त्याबद्दल. बाईचे दोन-चार हजार गेले की पहिला विचार पैशाचा नसतो, ‘आता घरी काय सांगू वो?’ हा असतो. शिलाईकाम करून, बचत गटातून किंवा लाडकी बहीणच्या दीड हजारातून जमवलेले ते पैसे. सांगितलं तर ‘तुला कुणी सांगितलं होतं मोबाइलवर घ्यायला?’ हे ऐकावं लागणार, वर मोबाइलही काढून घेतला जाणार. म्हणून ती गप्प बसते. चोराला हेच हवं असतं.

कारण इथे सगळा खेळ वेळेचा आहे. १९३० या नंबरवर लगेच फोन केला की पोलिस संबंधित बँकेला कळवतात आणि पैसे पुढच्या खात्यात पळण्याआधी अडवता येतात. चोर ते एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवत असतो. सांजच्याला नवरा घरी येईपर्यंत वाट पाहिली तर हाती काही उरत नाही. तेव्हा आधी १९३०, मग बँक, मग घरचे. आपली चूक नसताना, बाहेरच्या कुणामुळे पैसे गेले आणि ३ कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर तो तोटा ग्राहकावर टाकायचा नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला. स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणजे गप्प राहिलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

घरच्या मंडळींनाही माझं सांगणं आहे. फसलेल्या बाईला बोल लावाल, तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. बँकेचे साहेब नि कॉलेजचे प्राध्यापकही फसतात. त्यांचा मोबाइल कुणी काढून घेत नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क दिल्ली-मुंबईच्या बाईचा आहे, तसा कळंब-दिग्रसच्या बाईचाही आहे. त्यासाठी खरेदी सोडायची गरज नाही. खोक्यावरची चिठ्ठी फाडा, आणि १९३० हा नंबर आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा. सासूबाईंच्या मोबाइलमध्येसुद्धा!