एका षटकावर खेळाडू जोखू नका

साप्ताहिक स्तंभ : सीमारेषेजवळून

गुवाहाटी, 9 मार्च 2019. इंग्लंडविरुद्ध शेवटच्या षटकात भारताला तीन धावा हव्या होत्या. एका टोकाला मिताली राज 30 धावांवर नाबाद, स्ट्राइकवर अमरावतीची भारती फुलमाळी. कारकिर्दीतला तिचा तो दुसराच आंतरराष्ट्रीय सामना. केट क्रॉसचे पहिले तीन चेंडू निर्धाव गेले, चौथ्यावर भारती झेलबाद झाली. भारत एका धावेने हरला. त्यानंतर भारतीय संघाच्या यादीत तिचं नाव पुन्हा यायला जानेवारी 2026 उजाडलं. ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या टी-20 संघात तिची निवड झाली तेव्हा ती 31 वर्षांची होती.

मधली जवळजवळ सात वर्षं ती खेळत राहिली, म्हणून ही निवड झाली. आधी विदर्भाकडून देशांतर्गत सामने, मग 2024 पासून महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरात जायंट्स. 10 मार्च 2025 रोजी मुंबई इंडियन्सविरुद्ध तिने 25 चेंडूंत 61 धावा कुटल्या. तोही सामना तिचा संघ नऊ धावांनी हरलाच. पण हरल्यावरही पुढचा सामना मिळेल, अशी व्यवस्था आता तिच्याभोवती होती. गुणवत्ता तिच्यात 2019 मध्येही होतीच. ती दिसायला सामने लागतात.

आपल्या वाशिमकडे या नजरेने पाहिलं पाहिजे. कारंज्याहून अमरावती तशी जवळच. महसुली विभाग एक, क्रिकेटची संघटनाही एकच, विदर्भाची. तिथली मुलगी भारताकडून खेळते, हे रिसोड-मानोऱ्याच्या मुलींना आता सांगता येतं. पण त्यांच्या वाट्याला सामने किती येतात? शालेय क्रिकेट स्पर्धा सहसा बाद पद्धतीने होतात. तालुका, जिल्हा, विभाग अशी चढण असते आणि पहिल्याच पायरीवर हरलेल्या संघाचं वर्ष एका सामन्यात संपतं. ज्या मुलीची फलंदाजी त्या दिवशी आलीच नाही, तिला कोण ओळखणार?

उपाय आपल्या आवाक्यातला आहे. जिल्ह्यात तालुके सहा. सहा संघ बाद पद्धतीने खेळले तर एकूण पाच सामने होतात. तेच संघ साखळीत खेळवले, तर पंधरा सामने होतात आणि प्रत्येक संघाला हमखास पाच मिळतात. विभागीय फेरीचं वेळापत्रक तसंच राहू द्या. सोयाबीन घरात आलं, दिवाळी झाली, की रविवारी-रविवारी मुलींची वेगळी साखळी घ्या. एसटीचं भाडं, एक किट, दोन पंच आणि मुलींसोबत जाणारी एक शिक्षिका एवढी सोय झाली, तर बरेच पालक होकार देतील.

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या आनंदाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न जिल्हा क्रीडा कार्यालयापुढे आहे, शाळांपुढे आहे आणि सत्कार समारंभांसाठी हौसेने वर्गणी काढणाऱ्या आपल्या सर्वांपुढेही आहे. यंदाची वर्गणी या साखळीसाठी काढू या. पहिल्या सामन्यात शून्यावर बाद झालेली मुलगी पुढच्या रविवारी पुन्हा फलंदाजीला उतरली पाहिजे.